संकटाचा मान कीं माणसाचा?

संकटांतून पार पडलेल्या माणसाची हकीकत सांगतांना आपल्या तोंडून एक वाक्य सहज निघून जातें: संकट आलें म्हणूनच तो मोठा झाला. हें खरें आहे काय, याचा विचार आम्ही आज अमेरिकेंतील एका काळ्या वर्णाच्या स्त्रीच्या चरित्रावरून करूं इच्छितों.

न्यूयॉर्क संस्थानांतील अल्स्टर परगण्यांत सुमारें १७९७ सालीं इझाबेला नांवाची मुलगी गुलाम आईबापांच्या पोटीं जन्मली. त्यांस दहाबारा मुलें झालीं. बहुतेक सर्व विकलीं गेलीं. आई मुलांस रात्रीं उघड्या आकाशाखालीं बसवून सांगे कीं, वर देव आहे, तो तुमचें ऐकतो. इझाबेला नऊ वर्षांची असतां मेंढरांच्या एका कळपासह शंभर डॉलरांस विकली गेली. तिची भाषा डच, नव्या मालकाची इंग्रजी. हुकूम समजत नसे, म्हणून मार बसे. त्या माराचे वण जन्मभर राहिले.

पुढें ती डुमाँट नांवाच्या मालकाकडे आली. ४ जुलै १८२७ रोजीं न्यूयॉर्कचे उरलेले गुलाम कायद्यानें मुक्त होणार होते. नेकीनें राबलीस तर वर्षभर आधीं सोडीन, असें मालकानें वचन दिलें. वेळ आली तेव्हां, हात दुखावल्यामुळें काम कमी झालें, या सबबीवर तें मोडलें. तरी तिनें आणखी सुमारें शंभर पौंड लोकर कातून दिली, आणि १८२६ च्या अखेरीस एके पहांटे तान्ह्या मुलीला घेऊन ती चालती झाली. पळून जाणें तिला पाप वाटे. चालत जाणें वाटलें नाहीं. कोणी या भेदास हंसेल. आम्ही हंसत नाहीं. जें देणें लागत नव्हती तेंही फेडून जी निघाली, तिचा हिशेब मालकाच्या हिशेबाहून स्वच्छ होता.

इतक्यांत तिला कळलें कीं, पांच वर्षांचा पीटर दूर आलाबामांत विकला गेला आहे. संस्थानाबाहेर विक्री करणें कायद्याविरुद्ध होतें. मालकिणीनें तिची हेटाळणी केली. पण ही निरक्षर आई, कांहीं क्वेकर मंडळींच्या साहाय्यानें, कचेरीची पायरी चढली. १८२८ सालीं मुलगा परत मिळाला. न्यायाधीशापुढें त्यानें भीतीनें आईला ओळख दिली नाहीं. त्याची पाठ पाहिली तेव्हां ती वणांनीं भरलेली होती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, पाहा, संकटानें ती कशी घडली! मग तिच्या बापाविषयीं काय म्हणावें? तोही त्याच दास्यांत राबला, पोटचीं मुलें विकलीं जातांना त्यानेंही पाहिलीं. म्हातारा व निकामी झाल्यावर त्याला ‘स्वातंत्र्य’ मिळालें, कारण पोसण्याचा खर्च मालकाच्या वारसांस नको होता. बायको वारली, तो आंधळा झाला, आणि एका झोंपडींत थंडीनें एकटाच मेला. संकट जर माणसाला मोठें करीत असेल, तर त्याला कां केलें नाहीं? त्याची श्रद्धा उणी होती, असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. बापलेकींचें संकट एकच होतें. म्हणून मान द्यावयाचा तो तिला द्यावा, तिच्या साहाय्यकर्त्यांस द्यावा. चाबकाला देऊं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, तें गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस.

हें आम्ही विशेषतः उपदेशक बंधूंसाठीं लिहितों. सावकारानें नाडलेल्या विधवेच्या ओसरीवर बसून, हें सर्व तुझ्या कल्याणासाठींच आहे, असें सांगणें फार सोपें असतें. तिचा कागद घेऊन तिच्याबरोबर कचेरींत जाणें कठीण.

१८४३ सालीं इझाबेलेनें सोजर्नर ट्रूथ हें नांव घेतलें व ती गांवोगांव बोलत फिरूं लागली. शास्त्र ती लहान मुलांकडून वाचून घेई. मोठीं माणसें वाचतां वाचतां अर्थ सांगूं लागत, आणि तिला तो नको असे. (आम्हां अर्थ सांगणारांस हें थोडें झोंबतें.) पीटर १८३९ सालीं खलाशी होऊन गेला, १८४१ नंतर त्याचें पत्र आलें नाहीं.

यादवी युद्धानंतर मुक्त झालेले हजारों लोक वॉशिंग्टनच्या आसपास दुसऱ्यांच्या अन्नावर दिवस काढीत होते. संकट सोसा, म्हणजे माझ्यासारखे व्हाल, असा उपदेश तिनें त्यांस केला नाहीं. त्यांना पश्चिमेकडे सरकारी जमीन द्यावी, म्हणून सत्तरी उलटलेली ही बाई १८७० पासून गांवोगांव अर्जावर सह्या गोळा करीत हिंडली. काँग्रेसनें जमीन दिली नाहीं. २६ नोव्हेंबर १८८३ रोजीं मिशिगन संस्थानांतील बॅटल क्रीक येथें ती वारली.