भाडे येते कोठून?

घर भाड्याने देऊन पिढ्यानपिढ्या टिकणारी संपत्ती उभी करण्याचा विचार कोकणात मांडायचा, तर आधी 'कूळ लागेल', म्हणजे वापरायला दिलेल्या मालमत्तेवर दुसऱ्याचा हक्क लागेल, या जुन्या धास्तीचा विचार करावा लागतो. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली खोतांविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला, १९४८ साली कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मानीव खरेदीदार, म्हणजे कायद्याने ती विकत घेतल्याचे मानले गेलेले, ठरले. हा न्याय व्हायलाच हवा होता. मात्र दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली मालमत्ता परत मिळत नाही, हा त्यातून रुजलेला समज शेतजमिनीपुरता न राहता घरांनाही चिकटला. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेल्यामुळे पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी घेतली जाणारी रक्कम, हाच खरा मोबदला ठरला, आणि ज्या चाळींचे भाडे दुरुस्तीलाही पुरेनासे झाले त्या ढासळू लागल्या.

पूर्वी जंजिरा संस्थानात आणि आता रायगड जिल्ह्यात असलेल्या म्हसळ्याच्या परिसरातील कुटुंबांनी मुंबईत, जहाजांवर आणि पुढे आखाती देशांत मिळवलेला पैसा गावातील घरांत घातला. त्यांतली अनेक घरे वर्षाचा बराच काळ बंद असतात. मालकाच्या दृष्टीने ती मुळांशी असलेले नाते जपतात, आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे; परंतु हिशेबाच्या भाषेत बंद घर हा खर्च आहे, कारण घरपट्टी चुकत नाही आणि कोकणचा पाऊस कोणी राहत नसलेल्या भिंतींना ओल व वाळवी लावल्याशिवाय राहत नाही.

कायद्याची बाजू आता पालटली आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेहक्क निर्माण न करता ठरावीक मुदतीसाठी दिलेली वापराची परवानगी, हिला स्पष्ट संरक्षण आहे. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि वापरासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई लागू होते. असा करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा प्रचलित समज महाराष्ट्रात चुकीचा आहे, आणि त्याचा फटका बसतो तो मालकालाच, कारण नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते.

कायदा भीती दूर करू शकतो, भाडेकरू आणू शकत नाही. समजा, तीस लाख रुपयांच्या सदनिकेला दरमहा दहा हजार रुपये भाडे मिळते. वर्षाचे एक लाख वीस हजार म्हणजे गुंतवणुकीवर चार टक्के. त्यातून एक महिना रिकामा गेला आणि घरपट्टी व डागडुजीला वीस हजार लागले, तर हाती नव्वद हजार, म्हणजे तीन टक्के उरतात. गृहकर्जाचे व्याज याहून बरेच जास्त असल्याने असा व्यवहार भाड्यावर नव्हे, तर किंमत वाढण्याच्या आशेवर उभा असतो.

भाडे हा वस्तीतल्या चालत्या व्यवहाराचा वाटा आहे. तालुक्याच्या ठिकाणी बदलीवर येणारे शिक्षक, बँकेतील व सरकारी कर्मचारी यांना राहण्याजोग्या खोल्या लागतात आणि बाजारपेठेतील गाळ्याला धंद्याच्या उलाढालीतून भाडे मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रायगड जिल्ह्यातील दिघी येथील औद्योगिक नगरीला मंजुरी दिल्यापासून या भागात अपेक्षा वाढल्या आहेत. परंतु जमिनीचा भाव नुसत्या घोषणेनेही वाढतो, तर भाडे कामगार प्रत्यक्ष पगार घेऊ लागल्यावरच वाढते. मधल्या वर्षांचे हप्ते कशातून भरणार, हे ठरवल्याशिवाय केवळ त्या आशेवर कर्ज काढणे कुटुंबाला धोक्यात घालणारे आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळा भागात घरांची छपरे उडवली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. येथे भाड्यातला काही भाग छपरासाठी दरवर्षी बाजूला काढून ठेवावाच लागतो आणि विम्याचा हप्ता खर्चात धरावा लागतो. म्हणूनच कर्ज काढून नवी सदनिका घेण्यापूर्वी जुन्या बंद घराच्या दोन खोल्या स्वतंत्र दार, न्हाणीघर आणि वीजमीटर देऊन नोंदणीकृत कराराने भाड्याने देणे अधिक शहाणपणाचे ठरते. त्यात जमिनीचा खर्च नसतो, घर नांदते राहते आणि सुट्टीत येणाऱ्या कुटुंबासाठी उरलेल्या खोल्या मोकळ्या असतात.