माप आणि माफ

'माप' आणि 'माफ' या शब्दांत फरक एका अक्षराचा. पण माणसाचे कितीतरी नैतिक पेच त्या एका अक्षराआड दडलेले असतात, हे मला गेल्या दिवाळीत एका खेळण्याने शिकवले.

आमचे गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले. हलके धान घरात आले होते, मंडई दोन दिवसांवर होती आणि माझा भाचा नागपूरहून व्हिडिओ गेमचा एक जुना संच घेऊन आला होता. निन्टेंडो कंपनीने २००६ साली काढलेला 'वी'. हातात एक पांढरी कांडी धरायची आणि बॅटसारखी फिरवायची, की पडद्यावरचा खेळाडू टेनिसचा चेंडू टोलवतो. टीव्हीजवळ ठेवायची अवरक्त दिव्यांची पट्टी मात्र प्रवासात मोडली होती. भाच्याने टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक पणती ठेवली, आणि काय आश्चर्य! ज्योतीतही अवरक्त किरण असतातच. कांडीच्या टोकाचा कॅमेरा त्या दोन खुणांवरून आपली दिशा ओळखू लागला.

माझ्या वडिलांचा उजवा खांदा आखडलेला आहे. हात छातीच्या वर जात नाही. तरी नातवाच्या आग्रहाने ते उभे राहिले आणि टेनिसचा डाव चक्क जिंकले! घरभर हशा आणि टाळ्या. एवढ्यात माझ्या धाकट्याने खाटेवर पडल्या पडल्या कांडी घेतली, नुसते मनगट झटकले, आणि तस्साच टोला मारला. वडिलांनी ते पाहिले. मग हळूच विचारले, "का गा, मी जितलो, का यानं मले जितवलं?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. भाच्याने समजावले त्यातले मला समजले ते असे. कांडीच्या पोटात सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला सिलिकॉनचा एक कण असतो. झटका बसला की तो सरकतो, आणि तेवढेच यंत्राला कळते. झटका खांद्यातून आला की मनगटातून, याचा त्याला पत्ता नसतो. टेनिसमध्ये धावण्याचे कामही खेळाडूच्या वतीने यंत्रच करते. पुढे २००९ मध्ये कंपनीने फिरकी मोजणारा जास्तीचा भाग काढला. त्याने मनगटाचा पीळ नेमका कळू लागला, पण त्याबरोबर नवशिक्याची चूकही नेमकी दिसू लागली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'काइनेक्ट'ने कांडीच काढून टाकली आणि कॅमेऱ्याने सगळे अंग न्याहाळले. त्याला समोर मोकळी जागा हवी, आणि दाबायला हातात बटण नाही. हाताची थरथर गाळायची, तर यंत्राला क्षणभर थांबून खात्री करावी लागते आणि टोला उशिरा पडतो. लगेच टोलवायचे, तर थरथरही टोला ठरते. एक घ्यावे, तर दुसरे सुटते.

'वी'च्या कर्त्यांनी माफ करणे पत्करले. म्हणून तर आजीआजोबांनी ती कांडी हाती घेतली, रुग्णालयांत व्यायामासाठी तिचा उपयोग झाला आणि दहा कोटींहून अधिक संच खपले. त्यांनी चूक केली असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मी स्वतः तेच केले आहे. बाप नसलेल्या, शेतावर राबून शाळेत येणाऱ्या एका मुलाला मी गणितात दयेपोटी पास केले आणि त्याला त्यातले काही सांगितले नाही. पुढच्या वर्षी अपूर्णांकांपुढे हताश होऊन त्याने मला विचारले, "गुरुजी, मागच्या वर्षी तर मला येत होतं ना?" मी खडू शोधण्याचे निमित्त करून पाठ फिरवली. मी त्याला गुण दिले नव्हते. त्याचे खरे माप त्याच्यापासून चोरले होते.

पूर्वी मजुरी धानात दिली जाई, तेव्हाचे वडील मला आठवतात. पायली भरली की ते तिच्यावरून हात फिरवून ती सपाट करीत. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही. आणि मग मजुराच्या पदरात वेगळी एक ओंजळ टाकीत. पायली खोटी करून त्यांनी कधी दया केली नाही. दया ओंजळीने येई, सर्वांसमक्ष, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असे की ही पायली माझ्या कष्टाची आणि ही ओंजळ त्यांच्या मनाची.

माफ करावे; पण सांगून करावे. माफीने माप बुडवू नये.

दुसऱ्या दिवशी भाच्याने बोलिंगचा खेळ लावला आणि आजोबांना आधीच सांगून टाकले, "हात वर गेला नाही तरी हे चालवून घेतं, आजोबा. पण सोडताना मनगट वळलं, तर चेंडू वळणारच." पहिले तीन चेंडू सरळ नालीत गेले. चौथ्याला सात खुंट्या पडल्या.

"यातलं यानं किती पाडलं?" वडिलांनी विचारले.

"दिशा तुमचीच होती, आजोबा."

"मंग हे सात माहे," म्हणत ते समाधानाने खाली बसले. टीव्हीजवळच्या पणतीत तेल घालताना मला त्या मुलाची आठवण झाली. सुटी संपली की त्याला घरी बोलावून अपूर्णांक पहिल्यापासून शिकवायचे आहेत. आणि त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे.