हरकतीची नोंद

आषाढ सरत आला होता, मोरणेच्या पात्राला तांबडे पाणी चढले होते आणि नागपंचमी अवघ्या आठ-दहा दिवसांवर आल्यामुळे शिराळ्याच्या घराघरांतून सारवण-रंगरंगोटीची लगबग सुरू झाली होती; अशा एका ओल्या दुपारी, पुण्यास चित्रकलेचे शिक्षण घेणारी माझी भाची सोप्यात येऊन बसली ती मांडीवर एक जाडजूड पुस्तक घेऊन, आणि तिचा चेहरा असा उतरलेला होता की आप्तांपैकी कोणाचे काही बरेवाईट झाले की काय, ही शंका मला चाटून गेली.

"मामा, तुम्ही तहसील कचेरीत पस्तीस वर्षे काढलीत. मला एक निकाल द्या," ती म्हणाली. "गोष्टीचा शेवट वाचकाला मान्य नसेल, तर तो नाकारण्याचा त्याला अधिकार आहे की नाही?"

"आधी कैफियत सांग. निकालाचे मागून पाहू."

तिची कैफियत अशी होती. अमेरिकेतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांत व्हिजन नावाचा एक निर्मित पुरुष, मातेच्या उदरातून नव्हे तर यंत्रविद्येतून जन्मलेला, आणि वांडा नावाची एक मायाविनी यांचा विवाह होतो. जगाचे रक्षण करण्याची उठाठेव काही काळ बाजूस सारून ती दोघे न्यू जर्सीतल्या लिओनिया या साध्या वसाहतीत घर मांडतात. आणि त्या घरावर, त्या संसारावर १९८५-८६ साली स्टीव्ह एंगलहार्ट यांनी बारा अंकांची एक मालिका लिहिली, जिची चित्रे रिचर्ड हॉवेल यांनी काढली आणि जिच्या बाराव्या अंकात वांडाला जुळे मुलगे झाले. येथवर सारे मंगल होते. परंतु पुढे ती पात्रे जॉन बर्न या दुसऱ्या लेखकाच्या स्वाधीन झाली, आणि १९८९ साली त्याने प्रथम व्हिजनचे अवयव विलग करवून त्याला पुन्हा जोडविले ते भावनाशून्य, पांढराफटक असे. आणि त्यानंतर असा खुलासा केला की ती जुळी मुले मुळी मुले नव्हतीच, ते एका दैत्याच्या आत्म्याचे विखुरलेले अंश होते. मुले विरून गेली. आणि त्या आईला दुःख पेलवणार नाही म्हणून मुलांची स्मृतीही तिच्या मनातून पुसून टाकण्यात आली.

"शेवट दुःखाचा आहे म्हणून मी रडत नाही," भाची म्हणाली. "बारा अंक मी ज्यांच्यासाठी वाचले, ते कधी नव्हतेच, असे कोणी तिसराच येऊन सांगतो, याचे वाईट वाटते."

माझ्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक इस्लामपूरहून येणाऱ्या गाडीने शिराळ्यात येत, आणि त्यांतल्या वेताळ या नायकावर व त्याच्या डायनावर आम्ही पोरांनी अपरंपार माया केली. मूळ चित्रमालिकेत त्या दोघांचे लग्न १९७७ साली, म्हणजे वेताळ जन्मल्यापासून एक्केचाळीस वर्षांनी लागले, आणि त्यांनाही पुढे जुळेच झाले, एक मुलगा व एक मुलगी. त्या अंकांना शेवट असा लाभलाच नाही. १९९० साली प्रकाशन बंद पडले आणि दुकानातली दोरी रिकामी राहिली. न संपलेल्या गोष्टीची हुरहुर मला ठाऊक होती. खोट्या ठरविलेल्या गोष्टीचे दुःख मात्र माझ्या वाट्यास आले नव्हते, आणि म्हणून, आज मला ज्याचा खेद होतो असा एक प्रश्न मी तिला विचारला. "पोरी, ती कागदावरची माणसे. त्यांच्यासाठी इतके जिवाला लावून घ्यायचे?"

तिने शांतपणे भिंतीकडे बोट दाखविले. तेथे पाटावर, पंचमीसाठी घरी केलेला मातीचा नाग वाळत ठेवला होता.

मी खजील झालो. शिराळ्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावयास नको होता. गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा महाजनांच्या घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करण्यात गढून गेली होती, तिला भिक्षा घालण्यास विलंब झाला, आणि तिची ती तन्मयता पाहून नाथांनी, जिवंत नागाची पूजा करशील का, असे विचारले, अशी कथा आमच्या गावात सांगतात. आणि त्या कथेतली जी गोष्ट आम्ही विसरतो ती ही की जिवंत नाग मागून आला, भक्ती आधी मातीवरच जडली होती.

"तुझी तक्रार दाखल करून घेतली," मी म्हणालो. "शेवट दोन जातींचे असतात, असे मला दिसते. एक शेवट पात्रांचा भविष्यकाळ हिरावून घेतो. तो लेखकाचा अधिकार आहे. मृत्यू, वियोग, पराजय, त्याला योग्य वाटेल ते त्याने करावे. दुसरा शेवट भूतकाळ हिरावून घेतो, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने अंमल करतो. तुझी आजी जन्मली तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. सरकारला हे करण्याचा पूर्ण अखत्यार होता. पण त्या हुकुमाने तुझी आजी सातारा जिल्ह्यात जन्मलीच नव्हती, असे काही ठरले नाही."

"म्हणजे बर्नचा शेवट रद्द?"

"थांब. तो शेवट झालाच नाही, असे तू म्हणालीस, तर त्याने त्या मुलांचे जे केले तेच तू त्याच्या अंकांचे केलेस. दफ्तरात खाडाखोड करणारा माणूस मालकाच्या बाजूचा असो की कुळाच्या, गुन्हा एकच."

ती बराच वेळ बोलली नाही. पावसाचा जोर कमी झाला तसे आम्ही छत्री घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघालो, आणि वाटेत तिने जो प्रश्न काढला त्याने माझ्या त्या नीटनेटक्या वर्गीकरणाला तडा गेला.

"तुमची भेदरेषा सीतेपाशी टिकते का, मामा? उत्तरकांडात तिचा भविष्यकाळच हिरावला जातो, हे खरे. लव-कुश कोणी नव्हते, असे वाल्मीकी म्हणत नाहीत. पण एकदा तो त्याग वाचला की मागची सगळी कांडे बदलतात. अशोकवनात ती जिची वाट पाहते आहे ती सुटका नव्हे, हे मला ठाऊक असते. अग्निदिव्यही फुकट गेले, हे ठाऊक असते. पूर्वलक्षी प्रभाव म्हणतात तो याहून निराळा काय असतो?"

याला माझ्यापाशी सरळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. परंतु चालता चालता माझ्या ध्यानात येत गेले की हा पेच तिचा एकटीचा नाही, या भूमीतील थोर थोर लेखण्या त्याच उंबरठ्यावर येऊन अडखळल्या आहेत. उत्तरकांड हे मागाहून जोडलेले आहे, असे अनेक पंडितांचे मत आहे. म्हणजे तेथेही हात दुसराच, जसा तिच्या चित्रकथेत. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी थांबले आणि ज्याला केवळ पुरणपोळीचा लोभी म्हणून लोक हसत त्या गावबाने ते पुरे केले, उत्तरकांडासह. एकनाथांची लेखणी देहाबरोबर थांबली हे खरे, तरी सीतेच्या त्यागाची ओवी त्या हाताला लिहावी लागली नाही, याचे मला नेहमी समाधान वाटत आले आहे. समर्थ रामदासांनी तर रामायणाची सुंदर आणि युद्ध ही दोनच कांडे रचली. वियोगात दोघांचे दोन ठिकाणचे धैर्य आणि नंतर सुटका, एवढाच भाग त्यांनी उचलला. पुढे जाण्याची त्यांना गरज वाटली नाही, किंवा इच्छा झाली नाही. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने मात्र पाठ फिरविली नाही. त्याने उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात अदृश्य सीतेला मूर्च्छित रामाच्या कपाळाला स्पर्श करू दिला, आणि सातव्या अंकात गंगेच्या तीरी नाटकात नाटक मांडून, रामाला स्वतःच्याच अन्यायाचा प्रेक्षक करून, अखेरीस त्या दोघांची भेट घडविली. आणि आपल्याच मुलखातल्या शेटफळ्याचे गदिमा! १ एप्रिल १९५५ या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्यांच्या गीतरामायणाच्या छप्पन्न गीतांत वनात सोडलेल्या सीतेचा आक्रोश आहे. पण भूमी दुभंगत नाही. शेवटच्या गीतात वाल्मीकी मुलांना गाण्यास सांगतात, आणि मुले गाऊ लागतात ते तर पहिले गीत.

"म्हणजे प्रत्येकाने आपापल्या परीने तो शेवट नाकारलाच की!" भाची उद्गारली. "मग मी का नाही? कसेल त्याची जमीन, हा कायदा तुमच्याच कचेरीने चालविला ना? लेखक मालक असेल. पण वर्षानुवर्षे ती गोष्ट कसली मी. वाचक हे कूळ आहे."

हे ऐकून मला मनापासून आनंद झाला, कारण १ एप्रिल १९५७ या दिवसाचे महत्त्व या तालुक्यातल्या किती घरांना आहे हे मी दफ्तरात स्वतः पाहिले आहे. त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. "मात्र कुळाला किंमत भरावी लागली," मी म्हणालो.

"मी रडून भरली आहे."

"मान्य. पण कूळ मालक झाले म्हणून जुना सातबारा कोणी फाडला नाही. जुन्या नावाला कंस होतो. नाव खोडले जात नाही, कंसात वाचता येते, आणि शेजारी फेरफाराच्या क्रमांकानिशी नवे नाव येते. भवभूतीने हेच केले. त्याचे नाटक पाहणाऱ्याला वाल्मीकींचा शेवट ठाऊक असतो, म्हणून तर त्याच्या डोळ्यांना पाणी येते."

"आणि ज्याला भवभूतीसारखे नवे लिहिता येत नाही त्याने? त्याच्या हाती काय उरते?"

"हरकत," मी म्हणालो. "फेरफाराची नोटीस निघाली की ज्याचा हितसंबंध आहे त्याला हरकत घेता येते, आणि ती घेतली की नोंद मुकाट्याने प्रमाणित होत नाही, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. तुझी आजी हेच करीत असे. पहाटे जात्यावर बसली की सीतेचा वनवास गाई. केवळ तीच नव्हे. महाराष्ट्रातल्या हजारो बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांत सीतेच्या वनवासाला केवढे मोठे स्थान आहे! त्या बायकांनी शेवट बदलला नाही, टाळलाही नाही. रामाला देव मानणाऱ्याच बायका, पण तिची बाजू त्यांनी सोडली नाही. तिच्या बाळंतपणाला कोण होते, अंथरूण कसले होते, हे विचारीत राहिल्या."

"हरकत नोंदवून निकाल कुठे बदलला, मामा? सीता भूमीतच गेली."

"नाही बदलला." मला हे कबूल करणे भाग होते. "पण प्रकरण निकाली निघाले, असेही कोणाला म्हणता आले नाही. तुझ्या त्या वांडाची स्मृती पुसली, तेव्हा तिच्या वतीने आठवण ठेवणारी कोणी तरी उरली पाहिजे. बारा अंक तुझ्या मांडीवर आहेत. ती मुले होती, अशी साक्ष देणारी आज तू आहेस."

आम्ही देवळात पोहोचलो. समर्थांनी शके १५७६ मध्ये स्थापिलेला हा मारुती पुरुषाहून उंच आहे, आणि त्याच्या मस्तकाच्या दोहों अंगांस झरोके असे राखले आहेत की उगवतीचा आणि मावळतीचा प्रकाश त्याच्या मुखावर पडावा. ढग पश्चिमेस थोडे फाटले होते. भाची चित्रकाराच्या दृष्टीने त्या उजेडाकडे पाहत राहिली आणि माझ्या मनात आले की राम आणि सीता यांच्यामध्ये अंगठी आणि चूडामणी यांची ने-आण करणारा, त्या दांपत्याला सर्वांत जवळून जाणणारा हाच. आणि जोवर लोकांत ही कथा चालेल तोवर तू पृथ्वीवर राहा, असे त्याला रामाने सांगितले ते त्याच उत्तरकांडात. सारे निजधामास गेले. हा ऐकणारा मागे राहिला.

मी हे तिला सांगितले. तिने मान डोलविली, पण तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही, आणि व्हावे असा आग्रहही मी धरला नाही. कारण त्या मुलांच्या नसण्यावर तिची जी चीड होती तीच तिची हरकत होती, आणि ती मी समजूत घालून काढून घेतली असती तर तिच्यावर अन्यायच झाला असता. परतताना अंधार पडू लागला होता. सखलात साचलेले पाणी चुकवीत आम्ही चाललो होतो, आणि घराच्या वळणावर येईतो ती काही बोलली नाही.

मग म्हणाली, "मामा, आजी ते सीतेचे गाणे कुठे थांबवायची? भूमीत जाण्यापर्यंत गायची, की त्याच्या आधी?"

मी आठवून पाहिले. अंधारातली घरघर आठवली, आईच्या बांगड्या आठवल्या, पायलीभर जोंधळ्याची पाटी आठवली. ओवी कोणती, ते आठवेना, कारण दर पहाटे ती निराळी असे.

"दळण सरले की थांबायची," मी म्हणालो.