पंक्तिप्रपंच

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आता पंगत बसत नाही. टेबलावर ट्रे मांडलेले असतात आणि प्रत्येकजण रांगेत उभा राहून आपले आपण वाढून घेतो. पण लहानपणी ज्यांनी गावाकडच्या पंगतीत वाढपी म्हणून धावपळ केली आहे, त्यांना एक शब्द नक्की आठवेल: पंक्तिप्रपंच. एकाच्या पानावर तुपाची धार सैल सोडायची आणि शेजारच्या पानावर हात आखडायचा, याला तो शब्द. माझी आजी याबाबत फार कडक होती. यजमानाने नुसता वरणभात वाढला तरी तिची तक्रार नसे. पण जे आहे ते शेवटच्या पानापर्यंत सारखे गेलेच पाहिजे.

हा शब्द मला अचानक आठवला तो काही वर्षांपूर्वी, आणि तोही संगणकासमोर बसलेलो असताना.

मी इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळ्यांबरोबर आम्हीही रातोरात ऑनलाइन झालो आणि माझा एक अभ्यासक्रम पुढेही तसाच राहिला. व्याख्याने चित्रित केली, हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन करून चढवल्या, लाल-हिरव्या रंगांत झकास आलेख काढले. विद्यार्थ्यांचे अभिप्राय चांगले येत होते, त्यामुळे मी खुशीत होतो.

मग एका सत्रात चाळिशीची, दिवसभर नोकरी करून शिकणारी एक विद्यार्थिनी आली. तिला ऐकू येत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तिने अगदी नम्रपणे लिहिले, की व्हिडिओखालच्या कॅप्शन्सवरून तिला काहीच बोध होत नाही. त्या कॅप्शन्स यंत्र आपोआप करते; मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या. माझ्या पुणेरी इंग्रजीतल्या 'सॅम्पल मीन'चे तिथे 'सिंपल मेन' झाले होते! आधी हसू आले, मग आले नाही. मी संबंधित कचेरीला कळवले, त्यांनी दुरुस्तीला तीन आठवडे मागितले. परीक्षा चौथ्या आठवड्यात होती. तिने अभ्यासक्रम सोडला.

नियमाप्रमाणे पाहिले तर मी काही चुकीचे केले नव्हते. तक्रार आली, मी पुढे पाठवली. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० पासून आहे, आणि २०२४ मध्ये न्याय खात्याने सरकारी कॉलेजांच्या ऑनलाइन साहित्यासाठी तांत्रिक निकषही घालून दिले. पण पंगत अर्धी उठल्यावर 'तुमचे पान आणतो हं' म्हणणारा वाढपी कायद्यात बसला, तरी आजीच्या हिशेबात बसत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू मला बर्कलीच्या प्रकरणात दिसली. कॅलिफोर्नियाच्या त्या विद्यापीठाने हजारो व्याख्याने जगासाठी मोफत खुली ठेवली होती. कर्णबधिरांच्या वतीने तक्रार झाली. २०१६ मध्ये न्याय खात्याने पत्र लिहून सांगितले, की यांतल्या बऱ्याच साहित्याचा अपंगांना उपयोग करता येत नाही. विद्यापीठाने खर्चाचे कारण पुढे केले आणि २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती लोकांसाठी बंद करून टाकल्या. एकाला वाढता येत नाही, म्हणून सगळ्यांची पाने उचलली! अनेकांनी तेव्हा तक्रारदारांनाच दोष दिला. खरे सांगतो, मीही दिला. नाशिकच्या खोलीत बसून ती व्याख्याने फुकट ऐकणाऱ्या मुलाचे काय, असे मला वाटले होते.

आज तसे वाटत नाही. सगळ्यांची पाने उचलणे हा न्याय नव्हे, हे खरेच. पण पाने उचलली कोणी? भुकेल्याने नव्हे, यजमानाने. शिवाय तो पेच वाढताना उभा राहिला असला तरी चूक स्वयंपाकाच्या वेळची होती. चित्रफीत करतानाच कॅप्शन्स तपासणे हे थोडे काम आहे. दहा वर्षांच्या वीस हजार फितींना ते नंतर जोडणे हा डोंगर आहे. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठाचा न्याय खात्याशी समझोता झाला आणि आपले ऑनलाइन साहित्य सर्वांना वापरता येईल असे करण्याचे त्याने मान्य केले. म्हणजे ते अशक्य नव्हतेच.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: अपंगांसाठी केलेली सोय शेवटी सर्वांच्याच कामी येते. याच बर्कली गावात १९७० च्या दशकात व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांच्या लढ्यातून फुटपाथना उतार झाले आणि आज आपण बाबागाड्या व सामानाच्या बॅगा त्यांवरून ढकलतो. कॅप्शन्सचेही तसेच: बाळ झोपलेले असताना आवाज बंद करून आईला धडा पाहता येतो. युक्तिवाद खरा आहे, पण मला तो अपुरा वाटतो. सगळ्यांच्या फायद्यासाठीच करायचे, तर जिथे फायदा एकट्याचाच आहे तिथे काय? स्कॅन केलेले पान म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-यंत्राला नुसते चित्र. त्यातले एक अक्षरही ते बोलत नाही. माझ्या आलेखांचे शब्दांत वर्णन लिहायचे, तर पूर्ण एक रविवार जातो, आणि ते बहुधा त्या एकालाच लागणार. तरीही ते देणे आहे, कारण त्याने फी भरली आहे, तो पंगतीत बसला आहे आणि आपणच त्याला 'बसा' म्हटले आहे.

आपल्याला हे समजत नाही असे थोडेच आहे? मंडळाच्या दिवाळीच्या फॉर्मवर 'जैन जेवण हवे का? शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का?' हे रकाने आपण आधीच छापतो. पाहुणा दारात आल्यावर विचारत नाही. शिकवताना मात्र मी ते विसरलो.

गेल्या उन्हाळ्यापासून मी व्याख्याने पुन्हा करतो आहे. लाल-हिरव्या रेघांऐवजी सलग आणि तुटक रेघा काढतो, नोट्स टाइप करतो, रात्री जेवण झाल्यावर कॅप्शन्सची एकेक ओळ वाचतो. बायको म्हणते, या वयात स्वतःचे उच्चार कळायला लागले! छत्तीसपैकी एकवीस व्याख्याने झाली. त्या विद्यार्थिनीचा पत्ता अजून माझ्या मेलमध्ये आहे. तिला कळवावे असे दर वेळी वाटते, आणि दर वेळी पहिल्या ओळीपाशीच अडते.