उरलेली चाकी

'स्वावलंबन' या विषयावर मी शाळेत चार वेळा निबंध लिहिला आणि चारही वेळा तो शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वहीतून उतरवून काढला. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार केवढा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरीही पंचेचाळिशी उलटल्यावर मला स्वावलंबनाचा झटका आला. कांजिण्या मोठेपणी आल्या की जोरात येतात म्हणतात, तसंच हे झालं.

या झटक्याला बळी पडली माझी मोटारसायकल. ९७.२ सीसीची स्प्लेंडर. २००५ साली घेतलेली आणि पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत नेऊन फेरनोंदणी करून आणलेली. सरकारनं तिला पाच वर्षांची मुदतवाढ दिली. साठाव्या वर्षी बँक मला पाच दिवसांचीही देणार नाही. हिच्याच घराण्यातली सीडी १०० ही १९८५ साली बाजारात आली, तेव्हा तिची जाहिरात फार गाजली होती: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मी हे वेदवाक्य मानलं, आणि त्यातला तिसरा भाग इतक्या निष्ठेनं पाळला की पहिला राहूनच जायचा. यवतेश्वरच्या घाटात दोनदा पेट्रोल संपलं, ते त्यामुळेच.

एका सकाळी गाडी सुरू होईना. किका मारून मारून पोटरीत गोळा आला. शेवटी ढकलत मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. त्यांनी प्लग खोलला, पॉलिश पेपरवर घासला, फूऽ करून एक फुंकर मारली आणि परत बसवला. एका किकला गाडी सुरू!

"पन्नास द्या साहेब."

फुंकरीचे पन्नास रुपये! वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मी रस्ताभर हिशेब करत गेलो. दोन मिनिटांचे पन्नास, तर तासाचे पंधराशे, आठ तासांचे बारा हजार. बँकेत पोचेपर्यंत मला माझा पदवीचा कागद फाडून टाकावासा वाटू लागला होता. त्याच दुपारी एका खातेदाराला दुय्यम पासबुक हवं होतं. मी एक बटण दाबलं, यंत्रानं पासबुक छापून दिलं, आणि मी त्यांच्या खात्यातून शुल्क अधिक अठरा टक्के जीएसटी वळता करून घेतला. त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखली. सकाळी ती माझ्याकडे होती.

पण ओळख पटली म्हणून माणूस सुधारतो असं थोडंच आहे? संध्याकाळी येताना मी साडेनऊशे रुपयांचा पान्यांचा संच घेऊन आलो. म्हणजे एकोणीस फुंकरी.

"लक्ष्मणराव किर्लोस्करांनीसुद्धा १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती," मी सौ.ना ऐकवलं.

"त्यांनी दुकान काढलं होतं," सौ. म्हणाल्या. "तुम्ही ओट्यावर तेल सांडताय."

मात्र एक कबूल केलं पाहिजे. मला त्यात गोडी वाटू लागली. प्लग ही गाडीची जीभ असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मारी बिस्किटासारखी तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरीफटक पडली असेल तर कमी जातंय आणि इंजिन तापतंय. प्लगच्या दोन टोकांत फट हवी ०.६ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी. चेन दोन-अडीच सेंटिमीटर खालीवर हलली पाहिजे. घट्ट केली तर ती कुरकुरते, सैल सोडली तर खडखडते. (संसाराची उपमा इथे सुचते, पण ती मी देणार नाही. सौ. हे वाचणार आहेत.) बँकेत मी दिवसभर जे काम करतो ते संध्याकाळी कुठे जातं, देव जाणे. इथे काम बरोबर झालं तर गाडी सुरू होते, चुकलं तर होत नाही. तिला 'बघा ना जरा, तुमच्या हातात आहे' म्हणून भागत नाही.

याच उत्साहात मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेलं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. म्हटलं, ब्रेक कसे बदलायचे ते मिळेल. निघालं तत्त्वज्ञान! (गृहस्थ तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात शिकून गेलेले. मग दुसरं काय होणार?) त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालेलं असतं. लेखक म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पाचर मारू. मित्राला ही सूचना अगदी अपमानासारखी लागते. आमच्या मिस्त्रींना काहीच लागलं नसतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते अर्धा सातारा रस्त्यावर ठेवतात. यंत्राकडे मन लावून पाहावं, असं पर्सिगसाहेबांचं थोडक्यात म्हणणं. मी मन लावून पाहत होतोच. माझा घोटाळा झाला तो पाहून झाल्यानंतर.

महिन्याचा चौथा शनिवार होता. बँकेला सुट्टी. मागच्या ब्रेकचे शू झिजले होते, ते बदलायला घेतले. चाक काढलं. निघालेली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर क्रमानं मांडत गेलो. पुस्तकी शिस्त! मी हात धुवायला आत गेलो आणि नेमका तोच कागद सौ.ना शब्दकोड्यासाठी हवा झाला. त्यांनी सगळा ऐवज काळजीपूर्वक सुपात ओतला आणि कागद नेला.

दोन तासांनी गाडी जोडून झाली, तेव्हा सुपात एक चाकी आणि एक स्प्लिट पिन शिल्लक होती. नटला आमच्याकडे चाकी म्हणतात. दुचाकीतून एक चाकी वजा केली तर काय उरतं, यावर एरवी मी कोटी केली असती. त्या दिवशी मात्र मी गाडीला किक मारली. सुरू झाली. ब्रेक दाबला. लागला. आता काय राहिलं?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं नव्हे. काही चुका तेरजेत दिसतच नाहीत. आणि तेरीज जुळलीच नाही तर? तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि घरी जायचं. मी चाकी आणि पिन शर्टाच्या खिशात टाकली. कंपनीनं एखादी जास्तीची दिली असेल, असंही मनाला सांगितलं. वीस वर्षं चालवलेल्या गाडीबद्दल!

सहा वाजता मुलगी गाडी घेऊन क्लासला निघाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लायसन्स आहे, हेल्मेट होतं. कोपऱ्यावरून ओरडली, "बाबा, ब्रेक मस्त लागतोय!"

मी कृतकृत्य होऊन चहा घेतला. मग सहज खिसा चाचपला. शेजाऱ्यांच्या जिन्याखाली अशीच एक स्प्लेंडर उभी असते. (प्रत्येक जिन्याखाली एक असतेच.) म्हटलं, जरा ताळा करून पाहू. तिच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि लेजर तपासावं तशी एकेक चाकी तपासत गेलो. सातवी की आठवी चाकी पाहिली आणि माझ्या हातातला कप हिंदकळला.

ब्रेक दाबला की आतले शू फिरत्या ड्रमला घट्ट धरतात, आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फरफटत न्यायला बघतो. शू ज्या ताटलीवर बसलेले असतात ती फिरू नये म्हणून तिला एका पट्टीनं गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवलेलं असतं. माझ्या खिशातली चाकी त्या पट्टीच्या बोल्टची होती. चाकी नसली तर बोल्ट हादऱ्यांनी सरकत सरकत बाहेर येणार. पट्टी सुटली की ताटली गरकन फिरणार, ब्रेकचा रॉड पिळवटणार आणि चाक जागच्या जागी अडकू शकणार. ब्रेक जितका मस्त लागेल तितकं हे जोरात होणार. आणि क्लास होता पोवई नाक्यावर. राजवाड्यापासून तिथपर्यंत उतारच आहे.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. रिक्षावाल्यानं सांगितलेलं भाडं आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस न करता कबूल केलं. वाटेत कुठे घोळका दिसतोय का ते बघत होतो. आणि दिसू नये म्हणून डोळेही मिटत होतो.

गाडी क्लासच्या खाली साइड स्टँडवर व्यवस्थित उभी होती. बोल्ट अर्धा बाहेर आला होता. मी फुटपाथवर बसकण मारली आणि तासभर त्या बोल्टकडे बघत राहिलो.

"बाबा, तुम्ही इथे?"

"काही नाही गं, इकडून चाललो होतो," मी म्हणालो.

मिस्त्रींचं गॅरेज जवळच. गाडी ढकलत नेली. मिस्त्री वाकले, पाहिलं आणि ताठ उभे राहिले.

"चाकी कुठाय याची?" पण हे त्यांनी मला विचारलंच नाही. ते हाताखालच्या मुलाकडे वळले. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. "आठ दिवसांखाली साहेबांचं पंक्चर काढलंस, चाक तूच बसवलंस ना? पिन लावल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे किती वेळा सांगितलं? पोरगी होती गाडीवर! उद्यापासून येऊ नको तू."

"लावली होती मी," तो म्हणाला. पण खरं बोलणाऱ्याचा आवाजसुद्धा अशा वेळी खोटा वाटतो.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. मी लगेच बोललो नाही. फार नाही, आठ-दहा सेकंद गेली असतील. पण तेवढ्यात मी बराच विचार करून घेतला. उद्या एकटा येऊन मिस्त्रींना सांगू. त्या मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवू. मुलीदेखत कशाला? कारकुनी डोक्याला तोड सुचते ती अशी लगेच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा आमच्या शाखेत कॅश कमी भरली होती. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, कारण मी नवा होतो. महिनाभर मी मान खाली घालून डबा खाल्ला. चूक कुणाची होती ते पुढे मला कळलं. त्या गृहस्थांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते काही बोलले नाहीत. फार सज्जन गृहस्थ होते.

मी खिशात हात घातला आणि चाकी मिस्त्रींच्या स्टुलावर ठेवली.

"त्याचा काही संबंध नाही मिस्त्री. सकाळी मीच खोललं होतं. ही उरली."

मिस्त्रींनी चाकी उचलली, आटे उजेडात धरून पाहिले, फडक्यानं पुसली आणि बसवली. मी पिन पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. डब्यातून नवी काढली, ओवली आणि पक्कडीनं तिचे पाय दोन बाजूंना वळवले. "एकदा वाकवलेली पिन परत लावायची नसते साहेब."

"किती झाले?"

"पाच. पिनचे."

मग त्या मुलाकडे न बघताच म्हणाले, "चार चहा सांग जा." आम्ही बापलेक दोन, मिस्त्री तिसरे. चौथा त्याचा धरला होता.

घरी येताना मुलगी गाडी चालवत होती, मी मागे. राजवाड्यापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही इकडून चालला नव्हतात."

"नव्हतो."

त्या पन्नास रुपयांचा हिशेब मला आता जरा निराळा दिसतो. ते फुंकरीचे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी जाऊन 'काय हो मिस्त्री, हे काय करून ठेवलंत?' असं विचारायला एक माणूस मिळतो, त्याचे ते पन्नास. स्वतः पाना हातात घेतला की ते वाचतात खरे, पण त्या माणसाची जागा रिकामी होते आणि तिथे आपल्याला बसावं लागतं. मी त्या जागेवर बसलो, पण आठ-दहा सेकंद उशिरा.

पाने मी विकले नाहीत. फक्त बँकेचा एक नियम घरी आणला आहे. ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यानंच ते पास करायचं नाही. मी गाडी खोलतो, जोडतो, आणि मुलगी यादी घेऊन एकेका चाकीवर टिक मारते. मगच मी स्वतः पोवई नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येतो. गेल्या महिन्यात एअर फिल्टरचा एक स्क्रू सैल निघाला म्हणून तिनं व्हाउचर परत केलं. सौ. वर्तमानपत्र उचलण्याआधी विचारतात.

जुनी पिन बँकेत माझ्या टेबलावर टाचण्यांच्या डबीत आहे. परवा एका नव्या मुलाची कॅश पाचशेनं कमी भरली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मी ड्रॉवर उघडून, सगळ्यांना दिसेल असे, माझे गठ्ठे पुन्हा मोजायला घेतले. पाचशे माझ्याकडे निघाले नाहीत. पण मला बघून शेजारच्यानंही मोजायला घेतले, मग त्याच्या शेजारच्यानं. आणि मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्याकडे बघता येत नाही, आकडा चुकतो.