यादीत नसलेले वर्गमित्र

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जुन्या जालन्यात कुठल्या ना कुठल्या बॅचचा मेळावा ठरतो. मंगल कार्यालय, जेवण, फेटे, सत्काराला निवृत्त सर, हे सगळं आठवड्याभरात जमतं. जमत नाही ती यादी. मेळाव्याची पारख मात्र तिच्यावरूनच करावी, फोटोंवरून नव्हे, असं माझं मत आहे.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढतो कोण? बहुधा ज्याचं बरं चाललंय तो. बियाण्यांच्या कंपनीत वर चढलेला, स्टीलच्या धंद्यात जम बसलेला किंवा पुण्याला गेलेला. तो आपल्या ओळखीचे जोडतो, ते त्यांच्या ओळखीचे. निम्मा वर्ग सापडला की ‘सगळे आले’ म्हणून फुलांची चित्रं पडू लागतात.

न सापडलेल्यांत मुली जास्त. हजेरीपटावर माहेरचं आडनाव. लग्नानंतर ते गेलं, पुष्कळ घरांत नावही बदललं. जुन्या नावानं फेसबुकवर शोधून काय मिळणार? माग लागतो तो गांधी चमनच्या आसपास कुठे तरी तिच्या भावाच्या दारात गेल्यावर. भाऊ म्हणतो, ‘तुमचा नंबर देऊन ठेवा, ताईला कळवतो.’ याचा राग मानू नये. नंबर तिचा आहे, द्यायचा की नाही हे तिनंच ठरवावं. पण तेवढं चालत जाणारेही कमीच.

दुसरे, पदवीपर्यंत न पोचलेले. बदनापूर, अंबड, परतूरहून एसटीनं येणारी कितीतरी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शेतीकडे किंवा कामाला वळली. आपण बॅच मोजतो पास झालेल्या वर्षावरून, त्यामुळे ती गळतात. कॉलेजच्या प्रवेशाच्या नोंदवहीत त्यांची नावं असतात. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघाला गुण असल्यामुळे हल्ली कॉलेजंही मेळाव्यांना उत्सुक असतात. तेव्हा नुसती नावं मागितली तर कुणी नाही म्हणू नये.

आणि तिसरे, ज्यांच्याशी बोलणं तुटलं ते. यांच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. जालन्याची कॉलेजं याच विद्यापीठाची. मधल्या साडेपंधरा वर्षांत इथे शिकलेल्यांपैकी एका बाकावरच्या दोघांच्या आठवणी एकसारख्या कशा असतील? 1 सप्टेंबर 2023 ला आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि नव्या बॅचांचेही ग्रुप तापले. त्यावर ॲडमिनचा ठरलेला इलाज म्हणजे ‘जात-राजकारण नको’, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सगळ्यांचे संदेश बंद. भांडण थांबतं हे खरं. पण दुखावलेला माणूस गुपचूप निघून जातो आणि बाकीचे पुन्हा शुभ सकाळ सुरू करतात. 2022 पासून कुणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. म्हणजे फोन करायचा पहिला मान त्याचाच.

काहींना यायचंच नसतं. कॉलेजचे दिवस सगळ्यांचेच सुखाचे नव्हते. वर्गाबाहेर उभं राहिल्याची, फी थकल्याची, चिडवल्याची आठवण घेऊन कुणी फेटा कशाला बांधून घेईल? त्याचा नकार ऐकून घ्यावा. परंतु विचारल्यानंतरचा नकार आणि विचारलंच नाही म्हणून झालेली गैरहजेरी यांत फार अंतर आहे, आणि मेळाव्यात ‘काही मित्र येऊ शकले नाहीत’ असं म्हणताना आपण दोन्ही एकत्र करून टाकतो.

यंदा मेळावा ठरवणाऱ्यांना एक विनंती आहे. कार्यालयाला आगाऊ रक्कम देण्याआधी न सापडलेल्या नावांची यादी करा आणि प्रत्येकानं त्यातलं एक नाव अंगावर घ्या. ग्रुपवर लिंक टाकून मोकळे होऊ नका, फोन करा. आणि त्या पहिल्या फोनवर वर्गणीचा विषय काढू नका.