नळदुर्गची पाण्याची बाग

धाराशिव जिल्ह्यात शाही बाग शोधायला निघालात, तर फुलांच्या वाफ्यांआधी नळदुर्गला जा. तिथे बोरी नदीवर, किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारी दगडी भिंत आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, मीर महंमद इमादीनने ती बांधली आणि भिंतीच्या पोटातच महाल ठेवला. पाणी अडवायला नुसती भिंत पुरली असती. अडवलेले पाणी डोळे भरून पाहताही यावे, असे या माणसाला वाटले, याचे मला फार अप्रूप आहे.

पावसाळ्यात वरचे बोरी धरण भरले की या भिंतीवरून कोसळणारे नर आणि मादी हे दोन धबधबे सुरू होतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून माणसांची रीघ लागते. पायऱ्या उतरून महालाच्या सज्जात उभे राहावे, तर नदी डोक्यावरून जाऊन समोर कोसळत असते. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

पौषात धबधब्यांचा आवाज उरत नाही, पण गाव भरते. पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा असते. देव पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो, बाकीचे वर्ष अणदूरला. या भागात देवालाही मुक्काम हलवावा लागतो, याचे इथल्या कुणाला नवल वाटत नाही.

वैशाखात मात्र कुणी फिरकत नाही, आणि मला तीच भेट सर्वांत मोलाची वाटते. शेवाळ वाळलेले असते, दगड तापलेले असतात. पाण्याचा पडदा हटला की भिंतीची जाडी, पाण्याच्या वाटा, मधल्या दालनाची जागा सगळे नीट दिसते. पाऊस चार महिन्यांचा, तोही भरवशाचा नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक असणारच. हा तोच मुलूख आहे, जिथे 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. इथे गुलाब लावले असते तर त्यांना रोज पाणी घालावे लागले असते. बांधणाऱ्याने नदीचाच बहर धरला. ज्या वर्षी पाऊस होतो, त्या वर्षी ही बाग माळ्याशिवाय फुलते.

म्हणून श्रावणात जाणाऱ्यांनी वैशाखातही एकदा जावे, आणि सोबत शाळकरी मुले न्यावीत. नदी डोक्यावरून जाते, तरी आपण कोरडे कसे, हे त्यांना कोरड्या भिंतीवर बोट ठेवून दाखवता येते.